विजोडाचा धडा

तबिथाने चुन्याच्या निवळीचे थेंब हळदीच्या पाण्यात सोडले आणि पेल्यातलं पिवळं पाणी बघता बघता लालभडक झालं. सतरंजीवर पुढे बसलेली पोरं एकदम मागे सरकली.

“रक्त!” कोणीतरी किंचाळलं.

“रक्त नाही काही, पाप आहे ते,” मैना म्हणाली. मैना शेजारच्या गल्लीतली. अजून दुधाचे दात पडत होते, पण संडे स्कूलमध्ये तिचं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार असायचं. “हो ना बाई? पाप ना?”

“पाप,” तबिथा म्हणाली. “आता गप बसून बघा.”

तिने लिंबाची फोड पेल्यावर पिळली. लाल रंग वरून खाली विरत गेला आणि पाणी पुन्हा होतं तसं पिवळं झालं. चर्चच्या पडवीत टाळ्याच टाळ्या. माणसाचं पाप कितीही लाल असू दे, देवाला ते धुता येतं, एवढंच तिने सांगितलं, आणि पोरांना ते तिथल्या तिथे पटलं. डोळ्यांदेखत झाल्यावर न पटून सांगतात कुणाला?

“पण बाई,” मागून एक पोरगा उठला, “मग लिंबू म्हणजे येशू का?”

पोरं खो-खो हसली. तबिथालाही हसू आलं. पडवीच्या दाराशी पाठीमागे हात बांधून उभे असलेले योसेफराव मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “लिंबू म्हणजे लिंबू. येशू म्हणजे पिळणारा हात. बस खाली.”

योसेफराव म्हणजे तबिथाचे वडील आणि या संडे स्कूलचे मुख्य. उभा जन्म घोटी-इगतपुरीकडच्या खेड्यांत सायकलवरून शुभवर्तमान सांगत हिंडलेले उपदेशक. आता थकले होते. नाशकात शरणपूरच्या बाजूला दोन खोल्यांत लेकीबरोबर राहत. पोरं त्यांना योसेफमामा म्हणत. बायको कधीच प्रभूकडे गेली होती. लेक शाळेत मराठी शिकवायची, घरी येऊन रांधायची, रविवारी पोरांचा वर्ग घ्यायची. ती चाळिशीला टेकली तरी लग्नाचं नाव नाही, याबद्दल आता चर्चमधल्या बायकांनीही बोलणं सोडून दिलं होतं. बोलणं सोडलं म्हणजे बघणं सोडलं असं मात्र कुणी समजू नये.

आता चुन्याने हळद लाल होते आणि लिंबाने पुन्हा पिवळी, हे मराठीच्या बाईंना कुठलं ठाऊक? ती सगळी विद्या पगारे सरांची. जयराम पगारे तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. माणूस घोटीकडचा, बौद्ध. तिन्ही बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सगळे मास्तर घरी पळायचे आणि हे प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसत बसायचे. घरी वाट बघणारं कोणी नसलं की माणसाला भांडी पुसण्यातही गोडी वाटू लागते.

एका शनिवारी तबिथाने दारातून सहज विचारलं होतं, “सर, ‘तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात’ असं येशू म्हणतो. ते पोरांना कसं समजावू? पोरं म्हणतात, आम्ही काय खारट आहोत?”

पगारे सरांनी शिपायाला अंडं आणायला पाठवलं. साध्या पाण्यात अंडं बुडालं. पाण्यात मुठीने मीठ घातलं, तसं ते वर आलं आणि तरंगत राहिलं.

“मीठ असलं की बुडणारा वर येतो,” ते म्हणाले. “यात देव कुठे बसवायचा ते तुम्ही बघा. मला त्यातलं कळत नाही. प्रयोग माझा, अर्थ तुमचा.”

तेव्हापासून तोच करार. बाटलीखाली मेणबत्ती झाकली की विझते, म्हणून दिवा मापाखाली झाकून ठेवू नये. लोहचुंबक एका टाचणीला लागलं की ती टाचणी दुसरीला ओढते, म्हणून आंद्रियाने भाऊ पेत्राला येशूकडे आणलं. आणि खरं सांगायचं तर, ज्या धड्यांना प्रयोगाची काडीइतकी गरज नव्हती, त्यांनाही तबिथा गरज लावू लागली. नोहाच्या तारवाला कशाला हवा प्रयोग? लाकूड पाण्यावर तरंगतं हे नाशकातल्या पोरांना, गोदावरीच्या काठच्या पोरांना, ठाऊक नाही होय? पण त्या शनिवारीही ती प्रयोगशाळेत गेली, आणि पगारे सरांनीही काही न बोलता पाण्याची परात मांडली. दोघांनी मिळून लाकडाचा एक ठोकळा तरंगताना बघितला. बराच वेळ बघितला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. थंडी सरत आली होती. हळदीच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, प्रयोगशाळेत लिंबू पिळता पिळताच पगारे सर म्हणाले होते, “बाई, माझी बदली झाली. संस्थेच्या सटाण्याच्या शाळेत. तिथले विज्ञानाचे मास्तर आजारी पडलेत, म्हणून मधेच. पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने निघतो.”

तबिथाने हातातला पेला टेबलावर ठेवला.

“मी एकटाच तिथे राहणार की पाठोपाठ आणखी कुणी येणार, एवढं जायच्या आधी कळलं तर बरं होईल.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते, लिंबाच्या बिया वेचत. “रजिस्टर लग्न करू. तुम्ही तुमचं चर्च सोडायचं नाही, मी माझा बुद्ध सोडणार नाही. तुमचे आजोबा मिशनच्या साहेबाचं ऐकून निघाले, माझे वडील बाबासाहेबांचं ऐकून. निघाले दोघं एकाच वेशीबाहेरून, बाई. पुढे गाड्या वेगळ्या पकडल्या, एवढंच.”

एवढं बोलायला त्या माणसाला किती शनिवार लागले होते ते तबिथाला ठाऊक होतं, कारण तेवढेच शनिवार ती ऐकायला थांबली होती. तिच्या तोंडून मात्र निघालं ते एवढंच: “बाबांना विचारते.”

“विचारा,” ते म्हणाले आणि काडेपेटी उगाच उघडून बंद केली.

रविवारी जेवताना विचारायचं, असं तिने पक्कं ठरवलं. उपासना झाली, घरी आली, भात केला, आमटीला फोडणी दिली. योसेफराव पाटावर बसले. तिने भात वाढला, आमटी वाढली आणि घसा साफ करून म्हणाली, “बाबा...”

“हं. बरं झालं, आठवण झाली,” योसेफराव म्हणाले. “पुढच्या रविवारी विजोडाचा धडा घे.”

पळी तिच्या हातात तशीच राहिली.

“कुठला?”

“पौलाचा. विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जडू नका म्हणतो ना, तो. पोरांना अजून शिकवलेला नाही. तुझ्या त्या बाटल्या-पेल्यांतून काही दाखवता आलं तर बघ.” आणि खाली मान घालून भात कालवू लागले.

विजोड म्हणजे जोडीला न लागणारा बैल, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण त्यांच्या मंडळीत हा शब्द बैलांसाठी कोणी वापरत नसे. अमक्याच्या पोरीने विजोड केलं, असं म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली येई. त्या पोरीचं नाव मग प्रार्थनेत निघे, हळदीकुंकवाच्या घरी गेली म्हणून, नाहीतर निळ्या झेंड्याच्या घरी गेली म्हणून. तबिथाने लहानपणापासून तो शब्द तसाच ऐकला होता. तोच आता वडिलांनी ताटावर बसून उच्चारला होता. म्हणजे यांना कळलंय, तिला वाटलं. कोणीतरी कान भरलेत. आणि तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी उत्तरही देऊन टाकलं.

“काय म्हणत होतीस?” योसेफरावांनी विचारलं.

“काही नाही. घेते तो धडा. बरं.”

योसेफरावांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा जेवू लागले.

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी ती म्हणायची, आज विचारू. रोज संध्याकाळी वडिलांना औषध देताना शब्द ओठांपर्यंत यायचे आणि औषधाचा चमचा तेवढा पुढे व्हायचा. सटाणा तिने कधी पाहिलं नव्हतं. कांद्याचं गाव, एवढंच ऐकून होती. पण भांडी घासता घासता तिच्या डोळ्यांसमोर तिथलं घर उभं राही: कौलांचं, समोर अंगण, फळीवर काचेची नळकांडी पालथी घातलेली, आणि कोणीतरी मागून विचारतंय, बाई, उद्याचा धडा कोणता? तिथेही ते तिला बाईच म्हणणार, याबद्दल तिला शंका नव्हती. मला जायचंय, असं बुधवारी मोरीत बसल्या बसल्या ती चक्क पुटपुटली. स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. माझं वय काय, मी बोलतेय काय! तेवढ्यात आतल्या खोलीत योसेफराव खोकले, आणि तिने नळ सोडला.

शनिवारी प्रयोगशाळेत जायचंच नाही असं ठरवून ती शाळेच्या फाटकापर्यंत आली. तिथून परत प्रयोगशाळेकडे वळली.

पगारे सर खोक्यात पुस्तकं भरत होते. तिला बघून उठले. “या, बाई. उद्याचा धडा कोणता?”

“विजोडाचा.”

“म्हणजे?”

तबिथाने खिडकीकडे बघत सांगितलं. “दोन वेगळ्या... वेगळ्या विश्वासाच्या माणसांनी एका जुवाखाली येऊ नये. एकत्र ठेवलं तरी एक होत नाहीत. असं काहीतरी पोरांना दाखवायचंय.”

पगारे सरांच्या हातातलं पुस्तक खोक्यात न जाता टेबलावर टेकलं.

“धडा तुम्ही निवडलात?”

“बाबांनी दिलाय.”

“असं,” ते म्हणाले. “म्हणजे विचारलंत तुम्ही त्यांना.”

आता इथे तिने नुसतं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. अहो, विचारलंच नाही मी, हिंमत झाली नाही. काय लागत होतं एवढं बोलायला? पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि समोरच्या माणसाने त्या गप्प राहण्याचा जो अर्थ कोणीही काढला असता तोच काढला.

“ठीक आहे,” पगारे सर म्हणाले. कपाटातून रुंद तोंडाची एक बाटली काढली. “तेल आणि पाणी. याच्याइतका सोपा प्रयोग नाही. एवढा सोपा आहे की तुम्ही तो विचारायला आलात याचंच नवल वाटतं.”

त्यांनी बाटलीत पाणी घेतलं, वर गोडंतेल ओतलं, बूच लावलं आणि जोरजोरात हलवलं. मग बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत सगळं गढूळ झालं होतं. हळूहळू तेलाचे थेंब वर चढू लागले, एकमेकांत मिसळले, आणि वर पिवळा थर, खाली स्वच्छ पाणी असं पुन्हा दिसू लागलं. दोघंही बघत होते. नोहाच्या ठोकळ्यासारखं हे बघणं मात्र सुखाचं नव्हतं.

“कितीही हलवा,” ते म्हणाले. “थोडा वेळ एक झाल्यासारखं वाटतं, मग ज्याचं ते आपल्या जागी जातं. मला हा प्रयोग आवडत नाही आज. पण खरा आहे, बाई. तुम्ही विचारलंत तर खोटा कसा सांगू?”

त्यांनी बाटली रिकामी करून तिच्या हातात दिली. “तेलकट झालीय. धुऊन घ्या.” आणि वळून पुन्हा पुस्तकं भरू लागले.

घरी येऊन तिने बाटली मोरीत ठेवली आणि कपाळाला पट्टी बांधून पडून राहिली.

“डोकं दुखतंय का गं?” योसेफरावांनी दारातून विचारलं.

“थोडं.”

“पड मग. भांड्यांचं मी बघतो.”

रविवारी सकाळी बाटली खिडकीत पालथी घातलेली होती, काच लख्ख. ती तशीच पिशवीत टाकून तबिथा चर्चला गेली. पोरं आधीच जमली होती. बाटलीबाईंनी आज काय आणलंय, म्हणून पुढे सरकून बसली होती. पोरांनी तिचं नाव बाटलीबाई ठेवलंय हे तिला ठाऊक होतं, आणि एरवी तिला त्याची गंमत वाटायची.

तिने बाटलीत पाणी ओतलं. पाण्यावर बारीकसा फेस आला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. वर तेल ओतलं.

“हे बघा. तेल वर, पाणी खाली. शेजारी आहेत, पण एक नाहीत. आता तुम्ही वाटेल तेवढं हलवा. दोघांना एक करून दाखवा मला.”

पोरांना एवढंच हवं होतं. बाटली या हातातून त्या हातात गेली. एकाने डोक्यावर धरून हलवली, दुसऱ्याने उड्या मारत हलवली, मैनाने तर डोळे मिटून, दात-ओठ खाऊन हलवली. शेवटी बाटली टेबलावर आली.

“आता थांबा,” तबिथा म्हणाली. पाठ केलेलं बोलावं तसं ती बोलत होती. “आता वाटतंय एक झालं. पण जरा थांबलं की ज्याचं ते आपल्या जागी जाईल.”

पोरं थांबली. बाटलीत पांढरंफेक दाट काहीतरी दिसत होतं, वर बोटभर फेस. तेल वर येईना.

“एक गाणं म्हणू या तोवर,” तबिथा म्हणाली. गाणं म्हणून झालं, शेवटचं कडवं दोनदा म्हणून झालं. बाटलीत काही फरक नाही.

“बाई, ताक झालं!” मैना ओरडली.

“बाई, लोणी येईल का?”

“बाई, वेगळं होतच नाहीये. मी हलवलं ना, म्हणून एक झालं!”

“गप रे, मी जास्त हलवलं!”

तबिथाने बाटली उचलून उजेडात धरली. काल याच बाटलीतलं तेल तिने स्वतःच्या डोळ्यांनी वर चढताना पाहिलं होतं. मग तिने बाटली खाली ठेवली. काय चुकलं ते तिला कळेना. आणि खरी गोष्ट ही की, ते पांढरं पाणी बघून तिच्या छातीत एकदम काहीतरी हलकं झालं होतं, आणि चर्चच्या पडवीत, पौलाचा धडा चालू असताना, तसं वाटणं बरं नव्हे म्हणून ती घाबरली होती.

“योसेफमामा,” मैनाने दाराकडे वळून विचारलं, “मग आता धडा काय?”

योसेफराव नेहमीसारखे पाठीमागे हात बांधून उभे होते. “मला काय विचारतेस? बाईंना विचार.”

सगळी तोंडं तबिथाकडे वळली.

“धडा...” ती म्हणाली. “धडा पुढच्या वेळी.”

उपासनेत त्या दिवशी तिने काय ऐकलं ते विचारू नये. घरी आल्या आल्या तिने पिशवीतून बाटली काढली, बूच उघडून नाकाशी धरली. कडवट वास आला, डोकं धुताना येतो तसा.

“बाबा, ही कशानं धुतलीत?”

“रिठ्यानं.” योसेफराव कोट खुंटीला अडकवत होते. “तेलकट होती. रिठ्याशिवाय तेल सुटतं होय?”

“आणि विसळायची राहिली?”

“राहिली असेल.”

तबिथा त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस वापरलेला चमचासुद्धा तीन-तीनदा विसळायचा. पाणी वाया जातं म्हणून तिने किती कुरकुर केली असेल!

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“त्यात काय ठाऊक असायचंय? मी काय सायन्सचा मास्तर आहे? रिठा घातला की तेल पाण्यात मिसळून निघून जातं, हे कुठल्याही भांडी घासणाऱ्याला कळतं.”

“मग तो धडा कशाला दिलात मला?” तिचा आवाज चढला. वडिलांसमोर तो असा कधी चढला होता हे तिला आठवत नव्हतं. “इतके धडे पडलेत! तोच का? मी आठवडाभर... मी काल त्यांच्यासमोर तोंड शिवून उभी राहिले! तुमच्या त्या धड्यापायी!”

“हां!” योसेफरावांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “आली एकदाची! अगं, आठवडाभर मी याचीच वाट बघतोय. भांडशील म्हणून दिला तो धडा! म्हटलं, ताटावर बसून विजोड म्हटलं की ही पळी आपटेल, म्हणेल, बाबा, असं असं आहे, मला जायचंय. तर तू म्हणालीस ‘बरं’! बरं! तुझी आई असती ना, आमटी माझ्या डोक्यावर ओतली असती तिनं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं कुणी? नोहाच्या तारवाला प्रयोग लागतो का गं?”

तबिथा मटकन खाली बसली. रडू येत होतं आणि हसूही.

“पण वचन...”

“वचन खोटं नाही. बैलांचे दाखले देऊन खेडोपाडी सांगितलंय मी ते. विजोड म्हणजे काय? एक ओढतो आणि दुसरा बसकण मारतो. तो बसकण मारणाऱ्यांतला आहे?”

“नाही.”

“चर्चला जाऊ नको म्हणतो?”

“नाही हो. चर्चला न्यायचं सगळं तेच तर देतात.”

“मग?” योसेफरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “मला अजून सगळं पटलंय असं नाही, तुला खोटं कशाला सांगू? पाळकसाहेब बोलतील, बायका बोलतील. दोन दिवस बोलतील. पण तू ‘बरं’ म्हणून भांडी घासत बसलीस, ते मला त्याहून वाईट वाटलं.”

“आणि तुमचं?”

“माझं काय? मला भात लावता येतो. आमटी शेजारची फुलाबाई देईल.” शेवटच्या शब्दाला आवाज फुटला, तो त्यांनी खाकरून झाकला. “त्याची गाडी किती वाजता आहे? आणि बसलीस काय अशी? ऊठ!”

चर्चची पांढरी साडी न बदलता, जेवणाचं नाव न काढता तबिथा निघाली. स्टँड काही लांब नव्हतं, पण त्या दिवशी मधल्या रस्त्याला जणू फाटे फुटले होते. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. सटाण्याची गाडी फलाटाला लागलेलीच होती, इंजिन घरघरत होतं. खिडकीशी पगारे सर बसले होते, मांडीवर काचसामानाचं खोकं धरून.

“बाई?” ते चमकले. “एवढ्या उन्हात?”

जुळवलेलं सगळं पळालं. “प्रयोग फसला,” ती म्हणाली.

“फसला?” त्यांच्या कपाळाला आठी पडली. “तेल-पाण्याचा? तो फसायचा कसा?”

“फसला. पोरांनी हलवलं आणि एक झालं. वेगळं होईना.”

“शक्य नाही. बाटलीत काहीतरी असणार. साबण, नाहीतर...”

“रिठा होता.”

“हां, मग बरोबर आहे. रिठा मधे आला की तेलाचे बारीक बारीक थेंब...” मास्तर सुटलेच होते, तेवढ्यात थांबले. “पण मी धुऊन घ्या म्हटलं होतं. विसळली नाहीत?”

“मी नाही धुतली. बाबांनी धुतली.”

“बाबांनी.”

“ते साधा चमचा तीन-तीनदा विसळतात,” तबिथा म्हणाली. “आणि काल तुम्हाला सांगायचं राहिलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. आज विचारलं.”

कंडक्टरने दोरी ओढली. पगारे सरांनी खोकं शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं, न विचारता, आणि दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला.

“पुढच्या रविवारी जेवायला या,” ती घाईने म्हणाली. “उपासना झाल्यावर.”

“सटाण्याहून?”

“सटाण्याहून.”

गाडी हलली. ती बरोबर चालू लागली. पगारे सर गजाशी वाकले. “बाबांना सलाम सांगा माझा,” ते शेवटी म्हणाले. सलाम म्हणजे तिच्या मंडळीतला रामराम, आणि जयभीमशिवाय दुसरा रामराम न करणारा माणूस तो. गाडीने वळण घेतलं, तेव्हा त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं.

“बाई! किती वेळ टिकलं?”

“मी निघाले तेव्हा तसंच होतं!” तबिथा भर स्टँडवर, सगळ्यांच्या देखत ओरडली. “अजून तसंच होतं!”